बनाक्काला वीसपैकी तीन

बनाक्काला मी वीसपैकी तीन मार्क दिले होते. तेही हात सैल सोडून. तिसरा मार्क लिहिताना आपण जरा जास्तच उदार होतोय, असं मनात आल्याचं मला अजून आठवतं. बाकी हल्ली फारसं काही आठवत नाही. चष्मा डोक्यावर असतो आणि मी तो घरभर हुडकत फिरतो. मग सून हसत विचारते, "बाबा, आज वार कोणता?" ती थट्टा करते, पण मला ती झोंबते. कारण हाच प्रश्न मी एकदा मोठ्या ऐटीत विचारला होता, आणि उत्तर बरोबर आलेलं असताना त्यावर फुली मारली होती.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची गोष्ट. मी सांगलीचा, कृष्णेच्या पाण्यावर वाढलेला, डॉक्टरकीची पाटी अजून ओली. नेमणूक झाली माण तालुक्यात, दहिवडीच्याही पुढं, एका उघड्याबोडक्या गावात. आई म्हणाली, तिथं पाणी तरी आहे का? नव्हतं. दवाखान्याला दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याला टेकून एक जीप, महिन्यातले वीस दिवस रजेवर असणारा कंपाउंडर, आणि रोजंदारीवरची आया म्हणजे बनाक्का. दवाखाना मी चालवतो अशी माझी समजूत होती. ती महिनाभर टिकली.

बनाक्का धनगराची. उंच, काटक, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, लुगडं पोटऱ्यांच्या खाली कधी यायचं नाही. हात मोकळा झाला रे झाला की कमरेची चाती निघायची आणि लोकर कातणं सुरू. स्टोव्हवर सुया उकळत ठेवायची आणि त्या उकळेपर्यंत हातभर सूत काढायची. मी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, दवाखान्यात लोकर आणायची नाही, तिच्यात जंतू असतात. ती म्हणाली, "असू द्यात की. त्यास्नी बी थंडी वाजत आसंल." मी हसू दाबलं आणि कडक चेहरा करून खुर्चीत बसलो. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. तिनं पायाखाली लोकरीची गुंडाळी सारली. फर्मान तिथंच संपलं.

तिला लिहायला वाचायला येत नव्हतं. आमच्या दवाखान्यात ती अडचण नव्हती, कारण जुने केसपेपर वाळवीनं खाल्ले होते आणि ते वाचणं कुणालाच शक्य नव्हतं. सगळी नोंद बनाक्काच्या डोक्यात. बारा वाड्यांतल्या कुणाला कधी काय झालं, कुणाची कुठली बाळंतीण अडली, कुणाला कुठलं औषध मानवलं, सगळं. रोगी ओट्यावर चढायच्या आत ती मला आतून सांगायची की अमका आलाय, ढोपर धरलंय, म्हणजे विहिरीत उतरला असणार. मी विचारलं, तोंड न बघता कसं कळतं? म्हणाली, मेंढरू सुद्धा चालीवरनं वळखाय येतंय, हा तर माणूस. आणि वर मला दिलासा दिला की तुम्हालाही जमेल, जरा वेळ लागेल इतकंच.

एकदा कमळी नावाची तीन वर्षांची पोर तापानं फणफणून आली. घसा लालभडक. मी पेनिसिलीन भरलं, सुई वर धरून हवा काढली, आणि माझं मनगट कुणीतरी धरलं. डॉक्टरचं मनगट धरायची आयेची हिंमत! मी काही बोलायच्या आत बनाक्का शांतपणे म्हणाली, "हिला ती सुई नगा देऊ. रांगत हुती तवा मागल्या डाक्टरानं दिली आन् पोर निळी पडली हुती." कमळीची आई त्या वेळी स्वतःच तापात बेशुद्ध होती, तिला हे ठाऊकच नव्हतं. मी सुई खाली ठेवली. पुढचा पाऊण तास मी खुर्चीत बसून राहिलो आणि बनाक्कानं रांगेला सांगितलं की डाक्टर विचार करायलेत.

आता अशा बाईला वीसपैकी तीन कसे पडले, ते सांगतो.

आमच्या कॉलेजातल्या एका सरांचं पत्र आलं. म्हातारपणी बुद्धी कुठवर शाबूत राहते याची पाहणी ते करत होते. सोबत वीस प्रश्नांचा सायक्लोस्टाइल केलेला कागद. मूळ कुठल्यातरी इंग्रजी कागदावरून उतरवलेला. खेड्यातल्या पन्नास वयस्कर माणसांना विचारा, मार्क द्या, निबंधात तुमचंही नाव घालू. झालं. छापील नाव दिसायच्या आशेनं मी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मागं हात धुऊन लागलो.

पहिले बसले सुभेदार. फौजेतून निवृत्त, मिशीला पीळ, बटणं झळाळती. तारीख, वार, साल, जन्मतारीख, स्वातंत्र्य कधी मिळालं, पंतप्रधान कोण, वीसपासून उलटे आकडे, सगळं कवायतीसारखं धडाधड. वीसपैकी एकोणीस. उठताना त्यांनी सलाम ठोकला आणि मीही उगाचच ठोकला.

मग बनाक्का. तो सोमवार होता, गावच्या बाजाराचा दिवस. वय काय? "मोप झालं." मार्क नाही. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, ती आईला ठाऊक, आणि आईला तारीख ठाऊक नव्हती. आज वार कोणता? "बाजाराचा." मी म्हटलं, वाराचं नाव सांगा. "आवं, बाजाराचाच की. ऐतवाराच्या फुडला." फुली. पंतप्रधान कोण? बाईमाणूस आहे, तिनं सांगितलं, आणि बाईचं नाव घेऊन चारचौघांत हाक मारणं बरं दिसत नाही. फुली. वीसपासून उलटं मोजा म्हटल्यावर मात्र ती गंभीर झाली. "डाक्टर, मेंढरं उलटी मोजत न्हाईत. उलटी मोजली की कमी हुत्यात." सरळ मोजते म्हणाली आणि विसाविसानं, तीन विसा, चार विसा करत पार सहा विसा नि सातपर्यंत गेली. मी फुली मारली, कारण प्रश्न तो नव्हता.

एका प्रश्नात मी खोटं नाव आणि खोटा पत्ता सांगायचा, आणि पाच मिनिटांनी तिनं तो परत म्हणून दाखवायचा. तिनं विचारलं, हा कोण, ह्याला काय झालंय? मी म्हटलं, असा कुणी माणूस नाही, हे नुसतं लक्षात ठेवायचं. तर म्हणाली, "नसल्याला मानसाचं घर कशाला ध्यानात ठिवू? हायत त्येंचीच घरं पुरं हायत." फुली.

शेवटचा प्रश्न, पतीचे नाव. ती चातीकडं बघू लागली. मी पुन्हा विचारलं. तिनं पदर तोंडाशी नेला. कंपाउंडर दारात उभा राहून फिदीफिदी हसत होता. मी घड्याळ लावून अर्धा मिनिट थांबलो, कारण कागदावर तसं लिहिलं होतं, आणि लिहिलं, 'पतीचे नाव सांगता येत नाही.' तिला मिळाले तीन मार्क: गावाचं नाव, पोरं किती, आणि समोर बसलेला माणूस कोण. खाली शेरा मारायला दोन ओळींची जागा होती. तिथं मी लिहिलं, 'अशिक्षित धनगर स्त्री. बुद्धी मंद.' हा शेरा लिहिताना माझ्या खुर्चीचा पाय तिच्या लोकरीवर टेकलेला होता. आणि कागद घडी घालताना तिनंच मला आठवण केली की घरनं पत्र येऊन आठ दिवस झाले, उत्तर धाडा, आई वाट बघत असेल.

तिच्या नवऱ्याचं नाव सोमा. मला ते माहीत असायला हवं होतं. दर महिन्याला ज्या मस्टरवर मी सही करायचो त्यावर 'बनाबाई सोमा' असं मीच लिहीत होतो. आमच्याकडं जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि त्या नावाशी मिळणारा शब्दही तोंडातून काढत नाहीत. माझी स्वतःची आजी शंकर नावाच्या माणसाची बायको, ती आयुष्यभर शंकराच्या देवळाला 'वरचं देऊळ' म्हणत आली. म्हणजे मला हे कळत नव्हतं असं नाही. पण टेबलाच्या अलीकडं बसलं की माणूस आपल्या आजीलाही विसरतो, त्याला मार्क कुणी देत नाही.

सोमाला गाव आप्पा म्हणायचं. मुंबईच्या गोदीत उभं आयुष्य काढून, वर्षातून दोनदा गावाला येऊन, शेवटी खोकला घेऊन तो परतला होता. बोलणं बेताचं. सकाळी बायकोबरोबर दवाखान्यात यायचा आणि संध्याकाळी तिच्याबरोबर जायचा, मधला वेळ ओट्यावर. ती त्याला 'आवं' म्हणायची. कुणाशी त्याच्याबद्दल बोलायचं तर 'आमची मानसं'. एकच माणूस असून मानसं.

पंचाहत्तर साल उजाडलं. जगभर ते बायकांचं साल म्हणून पाळायचं होतं, तेव्हा वरून कागद आला की मेळावा घ्या. मी घेतला आणि भाषणही ठोकलं. स्त्रिया जागृत झाल्या पाहिजेत, नवऱ्याचं नाव घ्यायला लाज कसली, नाव म्हणजे हाक मारायची सोय, वगैरे वगैरे. बायका माना खाली घालून खुसखुसत होत्या. मी जोरात आलो होतो. म्हटलं, बनाक्का, तुम्ही सुरुवात करा. ती दाराशी सूत काढत होती. "नाव घेटलं की धन्याचं आयुष्य उनं हुतं, डाक्टर," ती म्हणाली. "त्येला आदीच खोकला हाय." बायका हसल्या. मी अंधश्रद्धेवर आणखी दहा मिनिटं बोललो.

निदान इथं तरी तिच्या त्या फुलीबद्दल माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता. पण कागद कधीचे सरांकडे गेले होते, आणि गेलेल्या कागदाचा विचार करायची मला सवय नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात, एका भरल्या ओपीडीत, आतून बनाक्काचा आवाज आला. "सोमा, ए सोमा, कळशी आन रं." ओट्यावरच्या सगळ्या माना आतल्या दाराकडं वळल्या. आप्पा उठला, कळशी आणून दिली आणि पुन्हा जागेवर बसला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग बायका हसायला लागल्या, कुणी म्हातारी म्हणाली, आक्का शेहरातली झाली गं. आणि मी? मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या! माझं भाषण लागू पडलं होतं. एक बाई, अडाणी, धनगराची, माझ्या दहा मिनिटांत वर्षानुवर्षांच्या रूढीतून मोकळी झाली होती.

त्याच आठवड्यात मी तिला पुन्हा कागदापुढं बसवलं. पतीचे नाव? "सोमा." एक मार्क. वार कोणता? "सोमवार." होता गुरुवार, पण पहिल्या खेपेला ती हा शब्दच बोलली नव्हती म्हणून मी अर्धा मार्क दिला. मी कोण? ती माझ्याकडं जरा बघत राहिली. "तुमी नवं आलेलं डाक्टर न्हवं?" मला येऊन तीन वर्षं होत आली होती. मला वाटलं, मी अजून तरुण दिसतो. मार्क दिला. गाव आणि पोरं जमेस धरून साडेचार. शेरा लिहिला, 'आरोग्य शिक्षणाने लक्षणीय सुधारणा.' आणि सांगलीला डॉक्टरांच्या एका बैठकीत मी तो किस्सा वाचूनही दाखवला. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एकानं हात मिळवून म्हटलं, खेड्यात काम करावं तर असं. मी लाजलो.

सुधारलेली बनाक्का हळूहळू दवाखाना जाळायला निघाली. स्टोव्हवर सुया उकळत ठेवायची आणि बाहेर जाऊन बसायची. पाणी आटून काचेच्या पिचकाऱ्या तडकल्या. मी मेमो दिला, कामात निष्काळजीपणा. तिनं अंगठा उठवला. मागलं दार उघडं राहिलं आणि शेळ्यांनी पट्ट्यांचा कापूस खाल्ला. दुसरा मेमो. एक दिवस ती दुपारी निघून गेली, आणि संध्याकाळी दोन कोस लांब माळावर सापडली. मेंढरं वळवायला आले होते म्हणाली. तिच्या घरी तेव्हा एकही मेंढरू नव्हतं, दुष्काळात सगळी विकली होती. मी तिसरा मेमो लिहिला, विनापरवानगी गैरहजर. अक्षर माझं फार सुरेख होतं.

सूतही बिघडलं होतं. पूर्वी तिचं सूत एकसारखं यायचं, आता मध्येच जाड, मध्येच तुटलेलं. ते मी बघत होतो. खुर्चीच्या पायाखालची गुंडाळी बदलायची राहिली होती आणि खुर्ची पुन्हा डुगडुगत होती. तेही मला कळत होतं, त्याचा मला राग येत होता.

आणि मग कमळी परत आली. आता सहा-सात वर्षांची, तोच घसा, तोच ताप. माझ्या काही ध्यानात नव्हतं. का असावं? ते काम बनाक्काचं होतं. मी सुई मागितली, बनाक्कानं भरलेली पिचकारी माझ्या हातात ठेवली, आणि कमळीची आई उठून उभी राहिली. "आक्का, हिला ही चालत न्हाई न्हवं? तुमीच म्हनला हुता." बनाक्कानं पोरीकडं पाहिलं. चालीकडं नाही, तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ. मग विचारलं, "कुनाची गं ही?"

मी पिचकारी रिकामी केली. दुसऱ्या गोळ्या दिल्या. आणि मनाशी म्हटलं, वय झालं, बाईमाणूस, घरचा व्याप असतो. तीन कारणं झाली, पुरे झाली, पुढचा रोगी बोलावला. देवानं त्या वेळी माझ्या थोबाडीत का मारली नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्याच पावसाळ्यात सुभेदार आपल्या विहिरीवरून घरी येताना वाट चुकले. एकदाच. शेजाऱ्यानं हाताला धरून आणलं. त्यांचा मुलगा धावत आला आणि मी त्याच्याहून जोरात धावलो. एकोणीस मार्कांचा माणूस स्वतःच्या घरची वाट विसरतो म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी जीप, विट्यावरून मिरजेला, सोबत माझं दोन पानी पत्र. मेंदूचा विकार, सुरुवातीची अवस्था, कृपया सखोल तपासणी व्हावी. निदान अचूक निघालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पत्राचं कौतुक केल्याचं मुलानं येऊन सांगितलं.

वर होता त्याचं घसरणं सगळ्यांना दिसलं. बनाक्काला मी आधीच तळाला बसवून ठेवलं होतं, ती घसरणार कुठून?

तिसऱ्या मेमोनंतर वरून हुकूम आला आणि मस्टरवरनं तिचं नाव कमी झालं. मी आडकाठी केली नाही. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून तीनदा उठावं लागलं.

आठ दिवसांनी आप्पा आला. ओट्यावर बसला नाही, थेट आत आला. धोतराच्या सोग्यातून तिन्ही मेमो काढून टेबलावर ठेवले, नीट घडी केलेले. मला वाटलं, नोकरीसाठी रदबदली करायला आलाय. मी नियम सांगायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला.

"नोकरीचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ती माझं नाव घ्याय लागल्याली तवाच तुमास्नी सांगाय पायजे हुतं. तुमी टाळ्या वाजिवल्या, मला वाटलं शिकल्याला मानूस हाय, काय तरी चांगलंच आसंल."

मी म्हटलं, आप्पा, काळ बदलतोय, बायका आता...

"न्हाई, सायेब." तो खोकला, थांबला. "ती माझ्या मामाची पोर. आमी धाकटं हुतो तवा एका कळपामागं हिंडायचो. तवा मला सोमा म्हनायची, दगूड मारायची. हळद लागली आन् त्या दिसापास्नं बंद. चाळीस वरसं बंद. मी मुंबईला मरायला टेकलो तवा बी देवाफुडं 'आमची मानसं' म्हनून गाऱ्हाणं घातलं तिनं. आता सोमा म्हनती, ते सुदारली म्हनून न्हवं. आमचं लगीन झालंय हेच तिच्या ध्यानात न्हाई. रोज सांजंला म्हनती, मला माझ्या बाच्या घरला सोड."

बाहेर रांगेत कुणीतरी शिंकलं. मी कागद हातात घेतले, खाली ठेवले, पुन्हा घेतले. सहा वर्षं शिकलो होतो मी. वीस प्रश्न घेऊन गावभर फिरलो होतो. आणि चौथीत शाळा सोडलेल्या गोदीतल्या हमालानं एका नावावरून जे ओळखलं होतं, त्याला मी टाळ्या वाजवून मार्क वाढवून दिला होता. मला रडू आलं, आणि ते आप्पाला दिसू नये म्हणून मी टेबलाचा खण उघडून त्यात काहीतरी शोधत राहिलो. खणात तिच्या दुसऱ्या परीक्षेची प्रत होती. साडेचार.

मी स्वतः तिला घेऊन मिरजेला गेलो. जीपमध्ये ती खिडकीशी बसून बाहेर पाहत होती, मेंढरं दिसली की मोजायची, विसाविसानं, आणि मोजणी अचूक असायची. मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासलं, आप्पाला तासभर विचारलं, मला बाहेर बसवलं. मग बोलावून म्हणाले, "निदान दीड-दोन वर्षांपासून हे चालू आहे. तुम्ही तर हिला रोज बघत होता ना?" मी होय म्हणालो. त्यांच्याजवळ औषध नव्हतं, तेव्हा ते कुणाजवळच नव्हतं. पण आधी कळलं असतं तर बाई स्टोव्हजवळ बसली नसती, माळावर एकटी भरकटली नसती, आणि आपण चुकार म्हणून कामावरनं निघालो हे कानांवर घेऊन घरी बसली नसती. मी वर कळवलं की तिन्ही मेमो माझी चूक आहे, ते आजाराची लक्षणं होती. वर्षभरानं एका ओळीचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे. सरांना लिहिलं की माझे कागद निबंधातून काढा. त्यांचं उत्तर आलं नाही. कमळीच्या नावानं एक नवा केसपेपर केला आणि वर लाल शाईनं 'पेनिसिलीन नको' असं लिहून तो ठेवला, वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात.

दोन वर्षांत माझी बदली सांगलीला झाली. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. ऊन कलत होतं. बनाक्का दाराशी बसून चाती फिरवत होती, चातीला लोकर नव्हती. मी समोर बसलो. तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "कुनाचा रं तू? उपाशी दिसतोस." मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. ती मान हलवत राहिली. तिच्या परीक्षेत मला एकही मार्क मिळाला नाही, पण तिनं उठून घरातली अर्धी भाकरी आणून माझ्या हातावर ठेवली.

आप्पा खूप वाळला होता. खोकला छातीत खोल गेला होता. मी त्याला तपासलं, गोळ्या दिल्या, आणि निघताना विचारलं की ती अजून नाव घेते का. तो म्हणाला, दिवसातनं शंभर बारी.

"लोक म्हनत्यात, नवऱ्याचं आयुष्य कमी हुतं," तो म्हणाला. "कालच भावकीतली म्हातारी सांगून गेली, तिचं त्वांड धर म्हनून. मी म्हनलं, घिऊ द्यात. दुसऱ्या कुनाचं नाव तिला येत न्हाई आता. लेकरांचं बी न्हाई."

मी भाकरी हातात धरून वाटेला लागलो. थोडं पुढं गेलो आणि मागून तिचा आवाज आला, पोरीसारखा, चढा. "सोमा, ए सोमा! चल की रं, मेंढरं लांब गेली." मी वळून पाहिलं. माळावर एकही मेंढरू नव्हतं. ती चाती उगारून पुढं निघाली होती. आप्पा काठी टेकत उठला, खोकला, एका हातानं छाती धरली आणि तिच्यामागं चालायला लागला.

"आलो गं, बने," तो म्हणाला. "हो फुडं."